यांची तहान

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, त्या आठवड्यात मी नववीला पाण्याचा धडा शिकवत होते. सुरतेत डिंडोलीतल्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. मुलांचे आईबाप बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, लूम्सवर नाहीतर साड्यांच्या मिलमध्ये कामाला. हेही कडोदऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. ब्लडप्रेशर कधीपासून वाढलेलं होतं कुणास ठाऊक. डोकं दुखलं की गोळी घ्यायचे आणि कामावर जायचे. पाय सुजले, जेवण नकोसं झालं, तेव्हा कुठे रक्त तपासलं.

डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि पाणी दिवसभरात एवढंच. त्यांनी टेबलावरची बाटली उचलून तिच्यावर अंगठ्याने खूण दाखवली. चहा, दूध, वरण, सगळं त्यातच धरायचं. जेवणाबद्दलही ते बरंच बोलले, पण आम्ही दोघं त्या अंगठ्याकडेच बघत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी काठोकाठ भरलेल्या पेल्यात चिमटीचिमटीने मीठ टाकत होते. मीठ दिसेनासं होत होतं आणि पाणी सांडत नव्हतं. फळ्यावर मी पाण्याचा रेणू काढला. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन, पण सरळ रेषेत नाहीत, थोडे वाकलेले. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून त्याची बाजू जराशी ऋण आणि हायड्रोजनची जराशी धन. मिठातले आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी येतात आणि त्यांना एकेक करून सोडवून नेतात. "शरीरातली घाणही पाणी अशीच विरघळवून बाहेर काढतं," दरवर्षीचं वाक्य मी बोलून गेले.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, म्हणजे जेवढं जास्त पाणी पिऊ तेवढं चांगलं ना?"

मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मी खडू ठेवला, मुलांना मनात वाचायला सांगितलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

मग एप्रिल महिना आला. घामाचं पाणी वाफ होऊन जाताना अंगातली उष्णता बरोबर नेतं, हे मी किती वर्षं शिकवलंय. पण सुरतेच्या उन्हाळ्यात हवाच ओली असते. घाम वाळत नाही, अंगावर चिकटून बसतो. हे दिवसभर पंख्याखाली ओला रुमाल ओठांवर धरून पडून असायचे. दुपारी मी शाळेतून आले की यांची पहिली नजर माझ्या हातातल्या बाटलीकडे.

मी बर्फाचे खडे करून ठेवायला लागले. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांपासून अंतर राखून जाळी धरतात, म्हणून तेवढंच पाणी गोठलं की जास्त जागा घेतं. खडा तोंडभर वाटतो आणि पोटात मात्र कमी जातं. मी यांना हे मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. यांनी खडा दाढेखाली धरला आणि कडाकड फोडून गिळला. "दुसरा दे," म्हणाले.

भाज्यांचं डायलिसिसच्या नर्सने सांगितलं होतं. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू नये म्हणून बटाटा, दुधी, सगळं चिरून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. क्षार पाण्यात उतरतात, पाण्याबरोबर जातात. सासूबाई मोरीपाशी उभ्या राहून ते वाफाळतं पाणी वाहून जाताना बघायच्या. त्या अहिराणी बोलतात, पण त्या दिवसांत माझ्याशी फारसं बोलतच नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "पोऱ्या पानी मांगस आन तू नही म्हनस. कशी बाई शे तू?"

मुलगा पाणी मागतो आणि बायको नाही म्हणते.

एका रविवारी हे बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. नळाचा आवाजही नव्हता. मी दार ढकललं. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांवर बसून, बादलीत तोंड घालून पाणी पीत होता. मी दंडाला धरून मागे ओढलं. केसांतून पाणी गळत होतं.

"अहो, हे पाणी जायला वाट नाही तुमच्या अंगातून. साठतंय ते. मी सांगितलंय ना तुम्हाला..."

"मला रसायनशास्त्र शिकवू नकोस," हे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाले, हात जोडून. "एक ग्लास दे. नंतर मेलो तरी चालेल. एक ग्लास."

मी दिला नाही. बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबला.

त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेत असताना सासूबाईंचा फोन आला. हे आडवे होऊ शकत नव्हते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. घरी पोचले तर हे पलंगाच्या कडेला वाकून बसलेले, ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुड. रिक्षात घातलं. उधन्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला. यांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली. "बुडतोय गं मी," एवढंच म्हणत होते. पलीकडून सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि पुलावरच, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मीच पानी दिधं व्हतं. ताक बी दिधं. रोज देत व्हतू."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी रिक्षावाल्याला फक्त म्हणत राहिले, "भाई, निकाल लो, कैसे भी निकाल लो."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फेफसामां पाणी भराई गयुं छे." फुप्फुसं भरली होती. लगेच मशीन लावलं. काचेतून आम्ही दोघी बघत होतो. नळीतून रक्त बाहेर येत होतं आणि दुसऱ्या नळीने परत जात होतं. सासूबाईंनी विचारलं, रक्तातली घाण हे मशीन कसं ओळखतं?

मी म्हणाले, "आई, ते ओळखत नाही काही. मध्ये एक पातळ पडदा आहे. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी, त्यात क्षार बेताचे. जिकडे घाण जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला ती आपोआप जाते. जास्तीचं पाणी मशीन ओढून घेतं."

"आन तहान?" त्यांनी विचारलं. "ती का लागस, इतलं पानी आंगमा शे तरी?"

मी सांगायला लागले. रक्तात मीठ वाढलं की ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, पेशी सुकतात, आणि मेंदू पाणी माग म्हणतो... बोलता बोलता मी थांबले. डॉक्टर पहिल्या दिवशी जेवणाबद्दल जे बोलत होते ते हेच होतं. मीठ बंद. आम्ही घरात पाण्यावर पहारा बसवला होता, आणि यांच्या ताटात रोज पापड, ठेचा, मिठाचं ताक. तोंडाला चव नाही म्हणून सासूबाई वाढायच्या, आणि जेवण जातंय म्हणून मीही वाढू द्यायचे.

घरी आल्यावर पापडाचा डबा सासूबाईंनीच शेजारी देऊन टाकला. लिंबू, भाजलेलं जिरं, लसूण यांवर त्या भाजी करायला शिकल्या. पहिले काही दिवस यांनी ताट सरकवून दिलं. मग हळूहळू तहान उतरली. गेली नाही, पण बादलीपर्यंत नेणारी राहिली नाही.

यानंतर सगळं नीट झालं असं लिहायला मला आवडलं असतं. मिलची नोकरी गेली. किडनी द्यायला मी तयार होते, माझ्याच तपासणीत साखर निघाली. सासूबाईंचं वय आड आलं. शाळेत मी पाण्याचा धडा पुन्हा शिकवला, आणि जास्त पाणी प्यायचं का असं कुणी विचारलं तर किडनी बाहेर टाकू शकेल तेवढंच, असं सांगायचं आता ठरलेलं आहे. यंदा कुणी विचारलं नाही.

परवा सकाळी डायलिसिसला निघायची वेळ झाली तरी हे पलंगावरून उठेनात. "नाही येणार मी. बस झालं," म्हणाले. मी पायाशी बसले. नुसतीच रडत होते. सासूबाई आतून आल्या, लुगडं सावरलं, खुंटीवरचा शर्ट काढून यांच्या मांडीवर ठेवला.

"ऊठ भाऊ. मी येस तुनासंगे."

यांनी शर्ट उलगडला. मग एक हात बाहीत घातला.