पोलादी की प्लॅस्टिकचं

त्या मंगळवारी नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनच्या घरी मी आलेला किराणा पुसून ठेवत होते. दुधाचं दुसरं पॅक हातात असताना हॉस्पिटलचा फोन आला. माझा नवरा सतीश गेला होता. करोनामुळे भेटायला कुणाला येता येईना, म्हणून माणसांऐवजी फोनवरून किस्सेच येत राहिले. सगळ्यात जास्त त्याच्या नेमबाजीच्या क्लबचे.

पहिला फोन जवळच्या बेस्ट गावाहून मिलिंदचा, क्लबमधल्या त्याच्या मित्राचा. आधी रडला. मग म्हणाला, "वहिनी, पोलिसांना आजच कळवा. परवाना सतीशचा होता, पिस्तूल आता घरात ठेवता येणार नाही." मुदतीत कुणा परवानाधारकाच्या नावावर केलं नाही, तर ते नष्ट करतात, हेही त्यानेच सांगितलं.

*

दोघांनी पिस्तुलं एकाच महिन्यात घेतली होती. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, दोन्ही नऊ एमएम, कंपन्या मात्र कट्टर स्पर्धक. सतीशचं पोलादी, बाजूला सेफ्टीचा खटका. मिलिंदचं हलकं, प्लॅस्टिकच्या बॉडीचं, सेफ्टी चापातच.

"तुझा तो खलबत्त्यातला बत्ता!" मिलिंद म्हणायचा.

"आणि तुझा तो पोळ्यांचा डबा!"

यावरून आमची आमटी किती वेळा गार झाली असेल!

*

क्लबचे प्रमुख विम, पंचाहत्तरीचे. एकदा वैतागून म्हणाले, "दहा-दहा गोळ्या झाडा, निकालच लावू."

झाडल्या. विमनी निशाण्याचे दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"पिस्तुलं दोन्ही उत्तम आहेत. आता नेमबाज शोधा!"

*

हा किस्सा सतीशने मला कधीच सांगितला नव्हता; तो विमच्या फोनवरून कळला. पहिला लॉकडाऊन उठून क्लब नुकताच उघडला होता. मिलिंदच्या पिस्तुलात काडतूस अडकलं. सतीशला इतका आनंद झाला, की "बघ, अडकलं!" म्हणत तो गर्रकन वळला. हातात भरलेलं पिस्तूल, बोट चापावर, नळी मिलिंदच्या छातीपासून हातभर लांब.

सगळी रांग थिजली.

विमनी आवाज चढवला नाही. "सतीश, भिंतीकडे बघ. फक्त भिंतीकडे."

तो वळला, पिस्तूल खाली ठेवलं. तीन महिने सतीशला क्लब बंद!

क्लबला का जात नाही, तर मला त्याने सांगितलं होतं, पाठ धरलीय.

*

पिस्तुलाच्या तिजोरीच्या तपासणीला एक पोलीस यायचा. एकदा मला म्हणाला, "मॅडम, कोड माहीत आहे?"

"नाही." परवाना सतीशचा, त्यामुळे कायद्याने मला तो माहीत असून चालणारच नव्हतं.

"लग्नाची तारीख टाकून पाहिलीत?"

"ती त्यालाच आठवत नाही!"

सतीश गेल्यावर तोच आला, मास्क लावून, कुलूपवाल्याला घेऊन. पाऊण तास ड्रिल चाललं. मी दोन मीटर लांब, दारात उभी. पोलिसाने पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि पेटीत बंद केलं. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

*

पुढच्या आठवड्यात मिलिंद आला. बाहेरच, सायकल धरून उभा राहिला.

"वहिनी, सतीशचं पिस्तूल मी माझ्या परवान्यावर घेऊ? फॉर्मवर तुमची सही लागेल."

"तुमचं जास्त चांगलं ना?"

"माझंच चांगलं आहे," तो म्हणाला. "प्रश्न तो नाही."

"मिलिंद, तुमच्या छातीवर रोखलं होतं ते."

"माहितीये मला. मीच तर होतो समोर."

मुदत शुक्रवारी संपते. मी अजून सही केलेली नाही.