अर्धा क्षण उशिरा उठणारे

विश्रांतवाडीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या जर्सीकडे बोट दाखवलं. "फुटबॉल कळतं का आपल्याला?"

"फारसं नाही," मी म्हणालो. "जर्सी मित्राची आहे."

"तरीच. आमच्याही घरावर 'शांतिनिवास' लिहिलंय."

त्यांना जर्मनीला मुलीकडे जायचं होतं. जावई तिथलाच. त्याने सासऱ्यांसाठी मॅचचं तिकीट काढून ठेवलं होतं.

"त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदाच दोघं शेजारी बसणार. म्हातारा कंटाळला, असं त्याला वाटायला नको. कधी ओरडायचं, तेवढं सांगा."

आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच; तिथलं सगळं इतरांचं बघूनच शिकत होतो. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर मी काय करतो, ते चाचरत सांगितलं. "बाकीचे उठले की मी उठतो. ते ओरडले की ओरडतो."

आजोबांनी टोपी नीट केली. "म्हणजे आरतीसारखंच. मधले शब्द येत नसले तरी शेवटच्या ओळीला आवाज चढवायचा."

मग सराव म्हणून ते दोन्ही हात वर करून उठलेच. कंडक्टरने बेल मारली, बस थांबली.

"उतरायचंय ना, आजोबा?"

"नाही हो. गोल झाला," असं म्हणून ते शांतपणे खाली बसले.

आता टीव्हीवर जर्मनीतल्या मॅचचे प्रेक्षक दिसले की मी चेंडू सोडून त्यांच्याकडेच बघतो. सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा कुणी उठताना दिसलं, की मलाही हॉस्टेलमध्ये उठायला लाज वाटत नाही.