बेसिनमधली कासवं

आमची मावशी किती चिडली आहे हे ओळखायचं असेल तर ती किती नम्र बोलतेय ते बघावं. ‘अगं गाढवा’ म्हणाली तर निवांत बसावं, काही झालेलं नाही. ‘अहो बाई’ म्हणाली तर जरा सरकून बसावं. आणि आवाज अगदी मऊ, सायीसारखा झाला, वाक्यात ‘कृपया’ वगैरे यायला लागलं, की समोरच्याने सरळ दार शोधावं. हे तिच्या जावयाला माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं, कारण जावयाशी ती कायम नम्रच बोलायची, आणि त्याला वाटायचं आपले फार लाड होतायत.

मावशी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवते, एकेक दात बसवते, घासते, चकचकीत करते. तिच्या पुढच्या खोलीत टेबलावर परक्या माणसांचं हसू ओळीने मांडलेलं असतं. एका डॉक्टरांनी फोन केला, की पेशंट म्हणतोय हसताना दात जरा जास्तच दिसतात. मावशी म्हणाली, मग त्यांना म्हणावं, बेताने हसा. दिवसभर दात बघून विटल्यावर घरात एखादं तरी बोळकं तोंड हवं, म्हणून कासवं पाळली, असं ती सांगते. ते खरं नाही. तिला ती आवडतात. पण ‘आवडतं’ हा शब्द तिच्या तोंडून काढायचा तर तिची सगळी हत्यारं लागतील.

कासवं म्हणजे ती हिरवी, लाल गालांची, दुकानातली नव्हेत. चिखलाच्या रंगाची जात, पुरी वाढली तरी तळहातावर मावणारी. मागच्या बाल्कनीत तिने त्यांच्यासाठी अख्खा ओढ्याचा काठ उभा केलाय. एका टोकाला पाणी, मग वाळूचा उतार, मग माती. मध्ये आडवं पडलेलं जुनं झाडाचं मूळ. पाण्यात वाळकी पानं, शेवाळ, गोगलगायी, आणि दाट झाडोरा. पानांमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं. आलेला प्रत्येक माणूस नाक मुरडतो आणि पाणी कधी बदलणार असं विचारतो. मावशी म्हणते, तुमच्या चहाला रंग आला की तुम्ही चहा फेकता का?

मादीचं नाव बाईसाहेब. नराचं नाव भाडेकरू, कारण तो एकाच कोपऱ्यात राहतो आणि तक्रारीशिवाय बाहेर येत नाही. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचा सगळा संताप तिच्यावर उभा आहे. ही कासवं पोहणारी नव्हेत. पोहणं त्यांना येतं ते आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना गणित येतं तितपत: अगदी जिवावर आलं तर, थोडंसं, आणि धापा टाकत. ती पाण्याच्या तळावरून चालतात, बाजारातून जड पिशवी घेऊन घरी निघाल्यासारखी. श्वास हवा झाला की मुळावर चढतात, नाकाचं टोक बाहेर काढतात, श्वास घेतात, परत खाली. पिल्लांचं तर आणखीच. पाण्यात चढायला काही नसेल तर पिल्लू संपलं.

बाईसाहेबांची अंडी आधी दर वर्षी पोकळ निघायची. मावशी ती वाळूतून उचलायची, कुठली बाजू वर होती ते मेणाच्या पेन्सिलीने खुणावून ठेवायची, कारण कासवाचं अंडं उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो. मग कवळ्यांच्या डबीत ओल्या शेवाळावर ठेवून वाट बघायची. आणि शेवटी कुजकी अंडी कुंडीत पुरायची. यंदा पहिल्यांदाच पाच अंडी फुटली. पाच पिल्लं, प्रत्येक शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. त्या दिवशी मावशीने एका पेशंटची वरची कवळी दुसऱ्याच्या खालच्या कवळीला लावून पाठवली. त्यावरून काय ते समजा.

आणि नेमकं तेव्हाच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. डोळ्यावर झाकण, आणि डॉक्टरांचा हुकूम: काही दिवस खाली वाकायचं नाही. पिल्लांसाठी पाणी घालून ठेवलेलं वेगळं घमेलं तर जमिनीलगत, उन्हाच्या पट्ट्यात. म्हणून तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, आणि जावई राहायला आले.

जावयांबद्दल सांगायचं तर ते बाथरूम विकतात. एका मोठ्या शोरूममध्ये आहेत. पण बाथरूम हा शब्द ते उच्चारत नाहीत. ते ‘वेलनेस स्पेस’ म्हणतात. नळाला ‘फ्लो’ म्हणतात. संडासाला काय म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही, जेवणाची वेळ असू शकते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते ‘ना’ लावतात आणि भुवया वर करून समोरच्याच्या होकाराची वाट बघतात. “आई, हे पाणी जरा डार्क आहे ना. कस्टमरला नाही आवडणार ना.” त्या बाल्कनीत आजवर एकही कस्टमर आलेला नव्हता.

मावशीने त्यांना पाठ करून घेतलं होतं. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, वर नाही. झाडोरा काढायचा नाही. घमेलं हलवायचं नाही. जावई म्हणाले, आई तुम्ही निश्चिंत राहा ना.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दुपारी ताई फोन घेऊन मावशीच्या कॉटवर येऊन बसली. आई, तुझी पिल्लं किती फेमस झालीत बघ, म्हणाली. मावशीने उघड्या डोळ्याजवळ फोन धरला. मीही डोकावले. व्हिडिओत जावयांच्या शोरूममध्ये ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी नवी मांडणी होती. पांढरीशुभ्र बेसिनं, प्रत्येकावर दिवा, तळाशी चार पांढरे गोटे, काठोकाठ नितळ नळाचं पाणी. आणि प्रत्येक बेसिनमध्ये एक पिल्लू. चारही पाय मारतंय, नाक वर, कडेला जातंय, गुळगुळीत कडेवरून घसरतंय, परत पाय मारतंय. मागून आवाज: अय्या किती गोड. अगं डान्स करतंय. मग जावयांचा आवाज, जाहिरातीतला: बघा, किती आनंदात पोहतायत ना.

मावशी म्हणाली, “ही कधीपासून तिथे आहेत?”

ताई म्हणाली, सकाळपासून. तू झोपली होतीस ना, म्हणून विचारलं नाही.

मावशीने चपला घातल्या. ताई म्हणाली, आई डॉक्टरांनी सांगितलंय. मावशी म्हणाली, डॉक्टरांनी वाकू नकोस सांगितलंय, चालू नकोस कुठे सांगितलंय. मी तिचा हात धरून निघाले, कारण एका डोळ्याने तिला फुटपाथची कड दिसत नव्हती. अख्ख्या रस्त्यात ती माझ्या अर्धं पाऊल पुढेच होती. मान ताठ, पाठ ताठ, स्वारीवर निघालेल्या राणीसारखी. 

शोरूममध्ये थंडगार हवा, सुगंधी वास, मंद बासरी. बेसिनांभोवती गर्दी. एक गृहस्थ बायकोला सांगत होते की प्राण्यांना मोकळं पाणी मिळालं की ती खुलतात. मावशी पहिल्या बेसिनपाशी गेली आणि हात आत घातला. ते पिल्लू तिच्या बोटावर चढलं. चढलं म्हणजे काय, चिकटलं. मान लांब केली आणि श्वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. लोक म्हणाले, अय्या ओळखलं वाटतं.

शेजारी कपाटात विक्रीचे टॉवेल रचलेले होते, जाड, पांढरे, रेशमी रिबिनीने बांधलेले. मावशीने एक रिबीन सोडली आणि टॉवेल बेसिनमध्ये कोंबला. मग दुसरा दुसऱ्यात. तिसरा. टॉवेलचे डोंगर झाले आणि त्यांवर बटणाएवढी पिल्लं चढून पडली. पाणी बाहेर सांडलं, गालिच्यावर गेलं. मालक धावत आले. तोंडाने ‘मॅडम मॅडम’ करत होते आणि डोळ्यांनी टॉवेल मोजत होते.

“कृपया थोडं बाजूला व्हा,” मावशी म्हणाली. “आणि कृपया ती बासरी बंद करा.”

मालक बाजूला झाले. बासरीही बंद झाली. असं असतं ते.

पाचव्या बेसिनमधलं पिल्लू तळाशी होतं, दोन गोट्यांच्या मध्ये. जावई घाईघाईने म्हणाले, ते झोपलंय ना, मघापासून शांत झोपलंय. मावशीने ते उचललं. डोकं खाली, शेपटी वर धरून तोंडातलं पाणी निथळू दिलं, पाय हळूच ओढून बघितले, पुन्हा निथळू दिलं. बराच वेळ. मग ते रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं काहीतरी वजन असेल. नव्हतं.

तेव्हा जावई जे म्हणाले ते मी कधीच विसरणार नाही. अगदी त्यांच्याच सुरात सांगते. “आई, एकच गेलं ना. चार आहेत ना.”

मावशीने त्यांच्याकडे त्या एका डोळ्याने बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, चल. बाकीची चार ओल्या टॉवेलमध्ये घालून आम्ही बाहेर पडलो. तो टॉवेल आम्ही परत केलेला नाही, आणि करणारही नाही.

आता खरी मजा ऐका. मजा कसली, माझं तर डोकं फिरलं. रविवारी घरात बैठक बसली, आणि ती मावशीने जावयांचा अपमान केला याबद्दल. माझी आई मावशीला म्हणाली, अगं, जावई आहेत ते, चारचौघांत असं करतात का. आमची ताई म्हणाली, त्यांचा हेतू किती चांगला होता, तुझं कौतुक व्हावं म्हणूनच नेली ना त्यांनी. बघा, ‘ना’ तिलाही लागला होता. मालक चिडलेत, नोकरीवर गदा येईल, तू फक्त सॉरी म्हण. जावई कोपऱ्यात बसून अर्धीच पोळी खात होते, आणि सगळ्यांना त्या उरलेल्या अर्ध्या पोळीचं फार वाईट वाटत होतं. गेलेल्या पिल्लाबद्दल एक जण बोलेल तर शपथ. टॉवेलची गोष्ट मात्र तोवर सगळ्या नातेवाइकांत पोचली होती, आणि फोनवर लोक खिदळत होते: म्हणे सासूबाईंनी शोरूममध्ये धुणं काढलं.

मावशी ऐकत होती. तिचं लक्ष बैठकीत नव्हतंच. कारण उरलेल्या चारांतलं एक खात नव्हतं. तिघं झाडोऱ्यात शिरून पूर्ववत झाली होती, पण हे चौथं ओल्या शेवाळावर डोळे मिटून पडलेलं असायचं. मावशी दाताच्या डॉक्टरांचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा त्याच्या नाकासमोर धरायची, आणि आरशावर वाफ धरतेय का ते बघायची. धरायची, जेमतेम. पाण्यात सोडावं तर मुळावर चढायची ताकद आहे की नाही कळत नव्हतं. नाही सोडावं तर शेवाळावर ते किती दिवस काढणार.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “माझी तयारी आहे माफी मागायची. जावईबापू, फक्त आधी माझ्याबरोबर जरा बाल्कनीत येता का?”

सायीसारखा आवाज. मी खुर्ची मागे सरकवली.

जावयांना पाण्याशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसवलं, गुडघे हनुवटीपाशी. मावशी वाकू शकत नव्हती, म्हणून ती पाठ ताठ ठेवून उकिडवी बसली आणि ते चौथं पिल्लू उथळ पाण्यात, मुळाच्या पायथ्याशी सोडलं. म्हणाली, याच्याकडे बघत राहा. बाकी काही करायचं नाही.

पिल्लू तळाशी बसून राहिलं. जावयांचा फोन वाजला, त्यांनी खिशातच दाबला. ताई दारात येऊन उभी राहिली, मागे माझी आई.  जावई म्हणाले, हे काहीच करत नाहीये ना. मावशी म्हणाली, बघत राहा.

मग पिल्लाने एक पाय उचलला. मुळावर टेकवला. घसरला. परत टेकवला. तळावरून एक ढांग, मग मुळाच्या कडेवर नखं रोवून दुसरी. मध्येच थांबलं, इतका वेळ की मावशीचा हात आपोआप पाण्याकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. जावई पुढे झुकले होते. त्यांचे अनवाणी पाय जागच्या जागी हलत होते, जणू खालून तेच त्याला ढकलत होते. पिल्लू आणखी एक पाऊल वर सरकलं, मान ताणली, आणि नाकाचं टोक पाण्याबाहेर आलं. पाण्यावर एवढंसं वर्तुळ उमटलं. जावयांनीही तेव्हाच मोठ्याने श्वास सोडला. तोवर त्यांनी तो धरून ठेवला होता, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

“दिसलं?” मावशीने विचारलं.

“दिसलं.”

“दिवसभरात किती वेळा असं वर यावं लागतं, आलं लक्षात? आता सांगा. तुमच्या बेसिनमध्ये ती काय करत होती?”

जावई पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडात सवयीने आलेला शब्द मला अक्षरशः दिसला, ओठांवर आला आणि परत गेला. दारातून ताई म्हणाली, आई पुरे. मावशीने मान वळवली नाही.

“बुडत होती,” जावई म्हणाले. शेवटी ‘ना’ नव्हता.

मावशी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. म्हणाली, ठीक आहे, टॉवेल भिजवल्याबद्दल माफ करा. आणि पुढच्या खोलीत जाऊन कुणाच्या तरी खालच्या दाढा घासायला बसली. जावई तिथेच, त्या स्टुलावर, पिल्लू पुन्हा वर येईपर्यंत बसून होते.