रांगेखालचं झाकण

एका मोहल्ल्याचं पाणी मी बंद केलं, आणि ते पुन्हा सुरू करायचं ज्या झाकणाखालून, त्या झाकणावर कापसानं भरलेली बैलगाडी उभी करवली. करवली म्हणजे अगदी जातीनं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून, हातवारे करून.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत पाणी आणि नाल्या असे दोन्ही विभाग सांभाळायचो. गावात येणारं पाणी माझं आणि गावातून जाणारंही माझंच. शिव्या मात्र दोन्हींसाठी वेगवेगळ्या मिळायच्या. दिवस कापसाच्या पडत्या काळाचे. भाव नाही, व्यापारी बोंडाला हात लावायला तयार नाही, आणि सरकारी खरेदी केंद्र आज उघडतं की उद्या, हे केंद्रातल्या माणसालाही ठाऊक नसायचं. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात दिसलं की लोक बातमी न वाचताच पान उलटायचे. केंद्र उघडणार अशी नुसती कुणकुण लागायचा अवकाश, बाभुळगावकडून गाड्यांची अशी रीघ लागायची की शेवटची गाडी पार पेट्रोल पंपाच्या पलीकडे.

त्या दिवशी केंद्रासमोरच्या रस्त्यात पाइप फुटला. मी झाकणाखालचा वॉल, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, बंद करवला, खोदकाम करवलं, जोड बसवून घेतला आणि दुपारी वर माती लोटून बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा ऐटीत उभा राहिलो. तेवढ्यात गाड्या यायला लागल्या. माझ्या मनात आलं, या गाड्या भुसभुशीत मातीवर उभ्या राहिल्या तर जोड पुन्हा निखळलाच म्हणून समजा. लागलीच मी रस्त्यात धावलो. "तिकडून लावा! त्या बाजूनं!"

चार-सहा गाड्यांनंतर एक बाई आली. लुगड्यावर नवऱ्याचा सदरा, कासरा स्वतःच्या हातात.

"इथंच का साहेब?"

"इथंच मावशी. थोडी पुढं घ्या. बस्स! एकदम बरोबर."

मागून दुसरी गाडी आली, तिसरी आली, बैल सुटले, कडबा पडला. आणि मग आमचा वॉलमन चहा पिऊन खांद्यावर लांब चावी टाकून आला. त्यानं रस्ता एकदा खालून वर पाहिला, एकदा वरून खाली पाहिला.

"साहेब, झाकन कुठी गेलं?"

"कुठं जाईल? त्या बाजूला..." म्हणेपर्यंत मला दिसलं. मावशीच्या गाडीचं चाक झाकणाच्या बरोबर मधोमध होतं. पालिकेचं कुठलंच काम इतकं नेमकं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

याच वेळी मोहल्ल्यातले पंप मेकॅनिक लुनावरून आले. पालिकेचे सगळे पंप त्यांच्याच हातचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा निकाह होता. बोरी अरबहून वरात यायची होती. मंडप पडला होता, देगा मांडल्या होत्या, आचारी आला होता, आणि नळाला थेंब नव्हता.

"साब, टँकर तो भेज दो."

"टँकरचा पंप खोलून कुणाच्या दुकानात पडला आहे?"

त्यांच्याच. त्यांनी लुना स्टँडवर लावली.

"पूरी बारात आएगी साब," ते हळू आवाजात म्हणाले. "उनको क्या पिलाऊं? अपनी इज्जत?"

"तासाभरात पाणी सोडतो," मी म्हणालो. असं बोलायची मला सवयच होती.

मी मावशीपुढे गेलो आणि घसा खाकरला. "गाडी जरा बाजूला घ्या. शासकीय काम आहे. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात अडथळा येतोय."

"गाडी हालली का नंबर गेला."

"मी सांगतो ना सगळ्यांना."

"तुमाले कोन इचारते? मांगच्या खेपेले फाटकापरेंत आलतो, अन् यायनं केंद्र बंद केलं. आख्खी गाडी वापस नेली म्या. आता नाई हालत. अन् इथं लावाले मले सांगतलं कोनं?"

"मी."

"मंग?"

त्या रांगेत चिठ्ठी नव्हती की पावती नव्हती. गाडी हाच नंबर. चाक रांगेबाहेर गेलं की थेट पेट्रोल पंपाच्या पलीकडे.

मागच्या गाडीवाल्याला म्हटलं, दोन हात मागे सरका. तो म्हणाला, "मांगं? मांगं तं आमी मेलो तरी नाई जात. पुढं न्या, कुठीबी येतो."

पुढं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी केंद्रात धावलो. तिथं कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारा ग्रेडर बसला होता. त्याच्या घराच्या नळाचा दाब मीच वाढवून दिला होता. त्याच्या हातापाया पडलो. चहा अर्धा टाकून तो उठला आणि त्यानं एक गाडी आत घेतली. रांगेत एकदम आरडाओरड, बैल जुंपले, घुंगरं वाजली, आणि सगळी रांग एका गाडीनं पुढं सरकली. मावशीचं चाक झाकणावरून उतरलं. मी वॉलमनकडे पाहिलं. अशा वेळी माणूस जसा पाहतो तसंच.

आणि मागची गाडी झाकणावर येऊन उभी राहिली.

रांग पुढं सरकल्यानं मधली जागा रिकामी होत नाही, ही गोष्ट मला त्या दुपारी समजली. इंजिनिअरिंगच्या पदविकेत ती कुणी शिकवली नव्हती. आमच्या मास्तरांना वाटलं असेल, एवढं तर येत असेलच.

"साहेब," वॉलमन म्हणाला, "अजून एक गाडी पुढं घेता का? अशीच एक एक करून सारी रांग सरली, का झाकन मोकयं होतेच."

समोर मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. तिचा तर आता झाकणाशी काही संबंधच उरला नव्हता. मेकॅनिक मात्र हसले नाहीत. उन्हं उतरायला लागली होती. ते सरळ मावशीच्या गाडीपाशी गेले आणि माझ्याशी हिंदीत बोलणारा तो माणूस तिच्याशी तिच्याच भाषेत बोलला.

"बाई, उद्या पोरीचं लगन हाय माह्या. पावने येऊन राह्यले, अन् घरी हात धुवाले पानी नाई. वॉल या झाकनाखाली हाय."

मावशीनं पदर सोडला आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "लगन हाय तं लगन हाय म्हना ना! मंगापासून शासकीय शासकीय काय लावलं, वो?"

ती उतरली. लुगडं खोचलं, मागच्या गाडीपाशी गेली आणि जू धरलं. "चाला रे भाऊ हो. पोरीवाल्याचं काम हाय."

निरोप गाडीमागून गाडी खाली गेला. मेलो तरी मागं जात नाही म्हणणारा तोच पहिला उतरला. कुणी चाकाला हात लावला, कुणी धुरीला खांदा दिला. बैलांना बिचाऱ्यांना काही कळेना. जन्मात त्यांना कुणी मागं चालायला सांगितलं नव्हतं. पण गाड्या सरकल्या आणि झाकण उघडं पडलं. वॉलमननं चावी घालून फिरवली. जमिनीच्या पोटात घुर्र झालं, मग बारीक खळखळ. मेकॅनिक गुडघ्यावर बसून ती ऐकत राहिले आणि लुनाला किक मारून घराकडे सुटले.

पण मोहल्ला भरला की वॉल पुन्हा बंद करायचा होता, नाहीतर बाकीचं गाव कोरडं. तोवर रांगेतली ही जागा रिकामी ठेवणं भाग होतं. आणि त्या रांगेत रिकामी जागा म्हणजे काय, ते सांगायला नको. एक ट्रॅक्टरवाला लांबून अंदाज घेतच होता.

"नंबर कोन धरन?" मावशीनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल पसरून झाकणाशेजारी बसलो. पुढं मावशीच्या गाडीतला कापूस, मागं एका बैलाचा गरम श्वास, अगदी मानेवर. ट्रॅक्टरवाला आला, मला पाहिलं आणि परत गेला.

दिवे लागायच्या सुमारास मेकॅनिक परत आले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"आया साब. देगें भर गए." मग मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या जेवाले या."

"नंबर लागला तं येतो," मावशी म्हणाली.

तेव्हा कुठं त्यांचं लक्ष माझ्या बैठकीकडे गेलं. "इन साहबको काहे बिठाए लाइन में?"

"बसू द्या," मावशी म्हणाली. "पन उपेग नाई. असला माल कोनी फुकटातबी घेत नाई."