मुंबईहून दीड तासात

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पाचोडजवळच्या एका वस्तीवर एक शेतकरी वारले. साडेदहा वाजता मुंबईत राहणारा त्यांचा मुलगा पोचला. या दोन वेळा मी अजून विसरलेलो नाही.

मी फौजदार होतो त्या पोलीस ठाण्यात फोन आला तो मुलाच्या चुलतभावाचा. "साहेब, नऊला त्याचा फोन आला, मीच उचलला अन् सांगितलं, काका गेले. अन् साडेदहाला हा दारात! विमानानं आलो म्हणतो. काका कालपर्यंत धडधाकट होते."

तिरडी बांधून झाली होती. पंचनामा करून मी प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवले. भावकी चिडली. पोलीस पाटील म्हणाले, "विमान पाऊण तासात येतं साहेब. कशाला मयत अडवता?"

"तुम्ही कधी बसलात विमानात?"

"नाय. पण रोज वरून जाताना बघतो की."

घरापासून विमानतळ, तिथे तासभर आधी हजेरी, मग पाऊण तास आकाश, मग चिकलठाण्याच्या विमानतळाहून पाचोडपर्यंत जीप, तोही तास. विमान पाऊण तासात येते, माणूस येत नाही. हे मी पाटलांना सांगितले, हवालदाराला सांगितले, शेवटी फोनवर वरिष्ठांनाही.

"अंतर किती?"

"हवेतून पावणेतीनशे किलोमीटर, साहेब."

"मग बसतं की!"

मी फोन ठेवला आणि चिकलठाणा विमानतळ गाठला. तिथल्या कारकुनाने वही उघडली. त्या दिवशीचे सकाळचे विमान दुपारी उतरले होते.

मुलाला समोर बसवून चहा दिला. विमानाचे सांगितले तेव्हा म्हणाला, "मग मीच मारलं असं लिहा."

खुनाचा आळ इतक्या सहज घेणारा माणूस त्याहून जड काही लपवत असतो. मी कागद बाजूला सारला, मग तो सांगू लागला.

तो आदल्या दिवशीच आला होता. वडिलांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचे होते. शेतात दोघेच भेटले. वडील हटून बसले. "रागात म्हणालो, अण्णा, मेलात तरी येणार नाय." रात्र चिकलठाणा विमानतळाजवळच्या लॉजवर काढली. सकाळी माफी मागायला फोन केला, तो चुलतभावाने उचलला.

लॉजच्या रजिस्टरात त्याचे नाव सापडले. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी कागद मिटले. जाताना तो म्हणाला, "गावात विमानच सांगा, साहेब."

मी गावात सांगितले, वेळ मोजण्यात माझीच चूक झाली. पाटील म्हणाले, "मी तेच म्हणत होतो ना?"

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मुलगा दिल्लीला असतो. अंगणात नातेवाईक घड्याळ बघत होते. "दोन तासांचं तर विमान, अजून कसा नाही आला?" मी घरापासून घरापर्यंतचा वेळ पुन्हा एकदा समजावला. कोणी ऐकले नाही. तो आठ तासांनी आला. मी त्याला काही विचारले नाही. आलेल्या माणसाला वेळ विचारू नये, एवढे त्या प्रकरणाने शिकवले होते.

आता पुंडलिकनगरच्या घरात मी एकटा राहतो. मुलगा रविवारी फोन करतो.