गाडग्यातलं औषध

माझ्या लेकीला, रूथला, नवव्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हापासून माझी प्रार्थना म्हणजे निव्वळ भीती होती. रोज इन्सुलिन टोचलं नाही तर मूल हातचं जाईल, हे डॉक्टरांचं बोलणं मनात रुतून बसलं होतं. लोणावळ्याच्या घरी फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात मी बाटल्यांचा साठाच करून ठेवला. चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून ‘प्रभूवर माझा भरवसा आहे’ अशी साक्ष द्यायचे आणि घरी येऊन पुन्हा बाटल्या मोजायचे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतल्या स्त्रियांचं दोन दिवसांचं मननशिबिर पवनानगरला धरणाकाठी होतं. रूथला सोबत नेलं. मननाला बायबलमधला उतारा मिळाला तो मान्नाचा. देव अरण्यात लोकांना रोजचं अन्न रोज देतो आणि उद्यासाठी राखून ठेवलेल्याला किडे पडतात. शिबिर घेणाऱ्या पाळकबाई म्हणाल्या, या वचनापाशी तासभर शांत बसा. मी बसले, पण मला रागच आला. जिच्या लेकराचा जीव बाटलीत आहे, तिने उद्याचं राखून ठेवायचं नाही तर करायचं काय?

संध्याकाळी रूथला कणकण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर साडेतीनशेच्या वर गेलेली. घाईघाईने बाटली काढली आणि माझ्याच हातून ती फरशीवर पडून फुटली. जादाची बाटली शोधायला पिशवी उलटी केली. ती नव्हती. एवढ्या बाटल्या साठवणारी मी, दुसरी बाटली घरीच विसरून आले होते.

गावातलं औषधाचं दुकान बंद होतं. पाळकबाईंनी आम्हाला कामशेतच्या दवाखान्यात जायला प्रवासी जीपमध्ये बसवलं. सुट्टीचा दिवस, त्यात घाटात एक बस आडवी बंद पडलेली. पुढेमागे पर्यटकांच्या गाड्याच गाड्या. रूथला दोनदा उलटी झाली. ती जोरजोरात श्वास घेऊ लागली आणि तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला. हा वास म्हणजे जिवाला धोका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकही वचन आठवेना. ‘प्रभू, आत्ता, आत्ता’ एवढंच मी पुटपुटत राहिले.

शेजारी मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

“काय झालं गं पोरीला?”

“साखरेचा आजार आहे, मावशी. इन्सुलिन लागतं. माझ्या हातून फुटलं.”

“रोज प्वाटात टोचत्यात त्ये? मग हितं कशाला बसलीस? आमच्या मालकान्ला बी टोचत्यात. घर हितंच हाय, वढ्याच्या पल्याड. उतर खाली.”

रूथला पाठीवर घेऊन मी त्यांच्या मागे गेले. घराच्या कोपऱ्यात, औषध गार राहावं म्हणून, ओल्या वाळूत एक गाडगं पुरलेलं होतं. त्यातून मावशींनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सीलबंद बाटली काढली. मी तीनतीनदा नाव वाचलं, तारीख पाहिली. रूथचंच इन्सुलिन. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मात्रा सांगितली आणि तिथून थेट दवाखाना गाठायला सांगितलं. खाटेवर पडलेल्या आजोबांनी, मावशींच्या मालकांनी, पाय आखडून रूथला जागा करून दिली आणि तिथेच मी तिला इन्सुलिन टोचलं.

“मावशी, आणि तुमच्या मालकांना?”

“वापरातली येक हाय की अजून. आठवडाभर पुरंल. म्होरचं म्होरं बगू.”

तासाभराने रस्ता मोकळा झाला. रूथ दोन दिवस दवाखान्यात होती. वेळेवर टोचलेल्या त्या औषधाने निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या रविवारी मी चार बाटल्या घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी एकच ठेवून घेतली. “येकच दिलती. बाकीच्या ऱ्हाऊ दे, कुनाला तरी लागतील.”

त्या दिवशी जीपमध्ये मावशीच माझ्या शेजारी का बसल्या होत्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी एवढंच जाणते, की माझा सगळा साठा घरी होता आणि तरीही माझं लेकरू वाचलं.

माझी भीती गेलेली नाही. पण या हिवाळ्यात रूथच्या शाळेची तीन दिवसांची सहल निघाली, तेव्हा पहिल्यांदाच मी हो म्हटलं. बाटल्या तिनेच पिशवीत भरल्या. बस सुटली तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी होते. “प्रभू, ती आधी तुझी आहे,” असं म्हणून मी तिथेच उभी राहिले. बसच्या मागे धावले नाही. एवढं बळ मला दिलंस, प्रभू, त्यासाठीही तुझे आभार.