दादाबरोबर डबल्स

महाडच्या क्लबातलं टेनिसचं कोर्ट मुरमाचं होतं. सामने असले की आदल्या दिवशी ते शेणाने सारवायचे आणि वर चुन्याच्या रेघा मारायचे. डबल्सच्या स्पर्धेत मी आणि दादा दर वर्षी जोडीने उतरायचो. दादा महाडात वकील, मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर. त्या वर्षी मात्र आमचं बोलणं बंद होतं. कारण काय, तर वाटणीत नेमका बांधावर आलेला एक फणस! तो म्हणे माझा, मी म्हणे माझा. फळं खाली पडून कुजत होती, पण हात कोण लावतोय?

क्लबाच्या सेक्रेटरींनी न विचारता नेहमीप्रमाणे आमची जोडी लावली. माघार घेतली असती तर गावभर चर्चा, म्हणून दोघेही हजर. एरवी मी एसटीतून उतरून आधी दादाकडे चहाला जायचो; त्या दिवशी थेट कोर्ट गाठलं. वहिनी कुंपणाशी उभी होती. म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही तरी बोला हो."

"मी का? त्याने आधी बोलावं," मी म्हटलं. माझा स्वभावच मेला असा. पण खरं सांगतो, त्याच्या हाकेवाचून मला करमत नव्हतं.

डबल्समध्ये दोघांच्या मधोमध चेंडू आला की कुणीतरी ओरडावं लागतं, 'माझा' नाहीतर 'तुझा'. आम्ही कसले ओरडतोय! फणसासाठी घसा फोडणारे दोघे भाऊ तोंडाला कुलूप लावून उभे. चेंडू मधून खुशाल निघून जायचा. समोरची जोडी म्हणजे सरकारी डॉक्टर आणि रेंजर, ते हसून बेजार. तरी कसंबसं शेवटपर्यंत ताणलं. आता एक गुण गेला की आम्ही हरलो.

डॉक्टरांनी चेंडू उंच उडवला. तो माझ्या डोक्यावरून मागच्या रेघेकडे निघाला. मी धावलो, रॅकेट उचलली, तोच दादा ओरडला, "सोड रे, बाहेर जातोय!"

दादाची नजर पहिल्यापासून कच्ची. चेंडू आत पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. पण वर्षभराने तो माझ्याशी बोलला होता. मी रॅकेट खाली घेतली.

चेंडू रेघेवर पडला, चुना उडाला.

"आत पडला की रे," दादा ओशाळून म्हणाला.

"पडू दे, दादा," मी म्हटलं.